क्रिस्टिन लाव्हरान्सदात्तर: कुठला अनुवाद घ्यावा?

नॉर्वेजियन लेखिका सिग्रिड उंडसेटची ही त्रिखंडी कादंबरी (1920–22) चौदाव्या शतकातल्या नॉर्वेत घडते. वडिलांनी ठरवलेल्या सिमोनला नाकारून क्रिस्टिन एर्लेंडची निवड करते. लग्नात डोक्यावर कुमारिकेचा सोन्याचा मुकुट आणि पोटात मूल! ते ओझं पुढे तिन्ही खंडांत तिच्या मानेवर राहतं. प्रेम जिंकूनही नवऱ्यावरचा राग सुटत नाही, हे इतकं खरं क्वचितच वाचायला मिळतं.

इंग्रजीत घ्यायची तर टीना नन्नलींचाच अनुवाद घ्या. 1920च्या दशकातल्या जुन्या अनुवादाची भाषा मुद्दाम जुनाट केलेली आहे, काही मजकूरही गाळलाय. कादंबरीतल्या बहुतेक पात्रांना आडनावं नाहीत, वडिलांचं नाव लागतं. म्हणून सुरुवातीला घराण्यांचा तक्ता हाताशी ठेवा. दुसऱ्या खंडातल्या राजकारणात वाचक अडकतात, तिथे सोडू नका.