नगरपरिषदेची मराठी शाळा की व्हॅनची इंग्रजी शाळा: जून ते फेब्रुवारीचा अनुभव

रत्नागिरी शहर. एक मूल पहिलीत, एक तिसरीत, दोघंही चालत जाण्याच्या अंतरावरच्या नगरपरिषदेच्या शाळेत. पर्याय होता शहराबाहेरची खासगी इंग्रजी शाळा. नऊ महिन्यांनंतरचं मत: शाळा चांगली आहे, पण ती पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर, उभी आहे. प्रवेशाआधी पहिली चौकशी पटाची करा.

कारण असं. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक, ६१ झाली की तिसरा. म्हणजे ४० पटाच्या शाळेत जोडवर्ग, म्हणजे एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन-तीन इयत्ता, ठरलेलेच. दोन शिक्षक हजर असतील तर मुलांकडे लक्ष उत्तम राहतं, खासगी शाळेतल्या भरगच्च वर्गापेक्षा निश्चित चांगलं. पण त्यातला एक बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामावर किंवा कामगिरीवर, म्हणजे तात्पुरता दुसरीकडे, गेला की सगळे वर्ग एकाच्या गळ्यात, आणि त्या दिवसांत पहिलीची मुलं पाढे गिरवत बसतात. म्हणून मुख्याध्यापकांना नेमकं विचारा: पट किती, मंजूर पदं किती, आज हजर किती, मागच्या वर्षी कामगिरीवर कोण होतं. तिसऱ्या उत्तरासाठी न कळवता अकराच्या सुमारास जा.

दुसरी तपासणी वाचनाची. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित मोहिमेचं उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून. शिक्षकांच्या परवानगीने तिसरीतल्या चार मुलांकडून बालभारतीचं एक पान वाचून घ्या आणि मग एक साधा प्रश्न विचारा. फलक, रंगवलेल्या भिंती, डिजिटल वर्ग यापेक्षा हे पान जास्त सांगतं. खासगी शाळेतही हेच करून बघा. तिथे बरीच मुलं इंग्रजी पान खडखडीत वाचतात आणि अर्थ विचारला की गप्प होतात. घरात कुणी इंग्रजी बोलत नसेल तर ही दरी दुसरी-तिसरीपासून रुंदावते. मराठी शाळेतही इंग्रजी पहिलीपासून आहे, मात्र बोलण्याचा सराव कमी पडतो. रोज वीस मिनिटं घरी द्यावीच लागतात, हे धरूनच निर्णय घ्या.

पावसाळा ही खरी परीक्षा. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, कौलांतून गळती, ओला व्हरांडा. प्रवेश ठरवायचा तर मे महिन्यात नाही, आदल्या जुलैतच शाळा बघून ठेवा. स्वच्छतागृहाला पाणी आहे का, तेही तेव्हाच कळतं. तक्रार तोंडी करू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे लेखी ठराव घेतला तर कामं हलतात.

पोषण आहार: पहिली ते पाचवीला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. भात बहुतेक चांगला असतो, भाजी-इंधनाच्या पैशांना उशीर झाला की आमटी पातळ होते. फळ किंवा अंडं घरून द्या.

खर्चाची तुलना करताना फीवर थांबू नका. व्हॅन, पुस्तकं, गणवेश, स्नेहसंमेलन आणि शिकवणी धरा. नगरपरिषदेच्या शाळेत फी नाही, पाठ्यपुस्तकं मोफत. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला फक्त शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली मुलं बसू शकतात. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये.

खासगी शाळाच हवी आणि उत्पन्न निकषात बसत असेल तर शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांची वाट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली. दोन गोष्टी लक्षात ठेवा: हा प्रवेश सुरुवातीच्या वर्गातच मिळतो, दुसरी-तिसरीत नाही, आणि मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. नववीची फी आजच विचारून ठेवा.