‘ईयू व्हर्सेस डिसइन्फो’: बाल्टिक देशांबद्दलच्या अपप्रचाराची नोंदवही

जून 1940 मध्ये सोव्हिएत फौजा मोठ्या संख्येने एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनियात शिरल्या, जुलैमध्ये एकाच यादीतून उमेदवार निवडायला लावणाऱ्या निवडणुका झाल्या आणि ऑगस्टमध्ये तिन्ही देश सोव्हिएत संघात सामील करून घेण्यात आले. रशियन सरकारच्या बाजूची माध्यमे आजही याला ‘स्वेच्छेने झालेले विलीनीकरण’ म्हणतात. हे विधान गेल्या दशकात कोणी, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या शब्दांत पुन्हा पुन्हा मांडले, हे एका जागी पाहायचे असेल, तर ‘ईयू व्हर्सेस डिसइन्फो’च्या डेटाबेसइतके सोयीचे साधन मला दुसरे आढळलेले नाही.

युरोपीय संघाच्या परराष्ट्र सेवेतील ‘ईस्ट स्ट्रॅटकॉम टास्क फोर्स’ 2015 पासून हा उपक्रम चालवते. डेटाबेसमध्ये 15 हजारांहून अधिक नोंदी असून तो सर्वांना मोफत पाहता येतो. देश, भाषा, तारीख किंवा शब्द देऊन शोध घेता येतो. प्रत्येक नोंदीत मूळ दाव्याचा सारांश, तो कुठे प्रसिद्ध झाला याची माहिती आणि त्याला दिलेले उत्तर असते. नोंदी इंग्रजीत आहेत.

या संग्रहाचे खरे मोल एकेका खोट्या बातमीत नाही. ‘लाटव्हिया’ असा शोध देऊन नोंदी तारखेच्या क्रमाने वाचत गेले की बातम्या बदलतात आणि कथानक तेच राहते, हे स्पष्ट दिसू लागते. बाल्टिक देश नाझींचे उदात्तीकरण करतात, रशियन भाषकांचा छळ करतात, ते कोसळत चाललेले देश आहेत आणि नाटोच्या हातातले प्यादे आहेत, या चार-पाच कथानकांना दर वेळी नवे निमित्त लागते. रिगामध्ये 16 मार्चला लाटव्हियन लीजनच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या वाफेन-एसएसमधून लढलेल्या लाटव्हियन तुकड्यांच्या, सैनिकांचे स्मरण केले जाते, ते एक निमित्त. 9 मेचा विजय दिन दुसरे. ऑगस्ट 2022 मध्ये एस्टोनियाने नार्वाजवळ स्मारक म्हणून उभा असलेला सोव्हिएत रणगाडा हलवला आणि त्याच महिन्यात रिगातील विजयस्तंभ पाडण्यात आला. फेब्रुवारी 2025 मध्ये तिन्ही देशांनी रशियाच्या वीजजाळ्याशी असलेली जोडणी तोडली. स्मारकाचा विषय असो की विजेचा, कथानकाचा सांगाडा तोच राहतो. हा सांगाडा ओळखायला शिकवणारे साधन म्हणून मी पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना हा डेटाबेस आवर्जून सुचवतो.

उत्तरांचा दर्जा मात्र विषयानुसार बदलतो. 1940 च्या प्रश्नावर उत्तर देणे सोपे आहे, कारण पूर्व युरोप आपसात वाटून घेणाऱ्या, जर्मनी आणि सोव्हिएत संघातील 1939 च्या मोलोटोव्ह-रिबेनट्रॉप कराराच्या गुप्त पुरवण्यांचा निषेध खुद्द सोव्हिएत लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसने डिसेंबर 1989 मध्ये केला होता. लाटव्हियातील ‘अ-नागरिकां’चा, म्हणजे सोव्हिएत काळात तेथे स्थायिक झालेल्या पण स्वातंत्र्यानंतर नागरिकत्व न मिळालेल्या लोकांचा आणि त्यांच्या वंशजांचा, प्रश्न तितका सरळ नाही. या रहिवाशांना तेथे मतदानाचा अधिकार नाही, हे खरे आहे. त्यांच्या मुलांना 2020 पासून जन्मतःच नागरिकत्व मिळते, हेही खरे आहे. अपप्रचार याच खऱ्या दुखण्यावर उभा राहतो, आणि अशा ठिकाणी चार ओळींचे खंडन मला अपुरे वाटते. तक्रारीतील खरा भाग आधी मान्य करून मग अतिशयोक्ती दाखवणारे उत्तर नार्वा किंवा डौगाव्हपिल्स अशा रशियन भाषकांची मोठी वस्ती असलेल्या शहरांतल्या वाचकाला अधिक पटेल.

सरकारी यंत्रणेने माध्यमांवर शिक्का मारण्यात जो धोका असतो, तो 2018 मध्ये समोर आला. नेदरलँड्समधील तीन माध्यमांचे लेख यादीत घातले गेले होते; त्यांनी न्यायालयात धाव घेतल्यावर त्या नोंदी मागे घेण्यात आल्या आणि डच संसदेने हा उपक्रम बंद करण्याची मागणी केली. नोंद झाली म्हणून ते माध्यम क्रेमलिनशी जोडलेले आहे असे समजू नये, असा खुलासा संकेतस्थळावर दिलेला आहे. तो प्रत्येकाने आधी वाचावा.

सर्वांत मोठी उणीव व्याप्तीची आहे. हा डेटाबेस मुख्यतः माध्यमांतील मजकूर टिपतो, तर बाल्टिक राजकारणात गोंधळ माजवणाऱ्या कित्येक घटना वेगळ्या वाटेने येतात. फेब्रुवारी 2017 मध्ये, नाटोच्या तुकडीतून लिथुआनियात आलेल्या जर्मन सैनिकांनी एका मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा ईमेल लिथुआनियाच्या संसदेच्या अध्यक्षांना पाठवला गेला. एप्रिल 2020 मध्ये, नाटो लिथुआनियातून सैन्य मागे घेणार असे सांगणारे बनावट पत्र नाटोचे तेव्हाचे सरचिटणीस येन्स स्टोल्टेनबर्ग यांच्या नावाने पसरले. सामाजिक माध्यमांवरील हालचालींसाठी रिगातील नाटोच्या स्ट्रॅटकॉम केंद्राची ‘रोबोट्रोलिंग’ ही अहवालमालिका पाहावी लागते. बाल्टिक देश व पोलंडमधील नाटोबद्दलचे सुमारे 70 टक्के रशियन भाषेतील ट्वीट बॉट (आपोआप चालणाऱ्या) खात्यांवरून आल्याचे तिने 2017 मध्ये दाखवले होते. मेटाने ऑगस्ट 2024 मध्ये, पोस्ट कशा पसरतात हे दाखवणारे ‘क्राउडटँगल’ हे साधन बंद केल्यापासून फेसबुकवरील असा शोध बाहेरच्या अभ्यासकांना आणखी कठीण झाला आहे. स्थानिक संदर्भासाठी एस्टोनियातील स्वयंसेवकांचे ‘प्रोपास्टॉप’, लाटव्हियातील ‘रे:बाल्टिका’ आणि व्हिल्नियसचे ‘डिबंक’ या अपप्रचार तपासणाऱ्या गटांची जोड हवीच.

एक सूचना: नोंदींची संख्या मोजून ‘लाटव्हियाविरुद्धचा अपप्रचार इतका वाढला’ असा निष्कर्ष काढू नये. संख्येवरून नोंदणाऱ्यांनी काय टिपले ते कळते. ते किती लोकांनी वाचले आणि किती जणांना पटले, ते कळत नाही. एकच कथानक निवडावे, त्याची पहिली नोंद शोधावी आणि तिथून पुढे वाचत यावे.