कार्ड मेकिंगचा स्टॅम्प किट: कागद मस्त, इंक पॅड बाद, आणि मराठी शिक्का मात्र शिक्केवाल्याकडूनच

आई अजूनही दिवाळीला तीसेक नातेवाइकांना पोस्टाने भेटकार्डं पाठवते. आत्तापर्यंत लक्ष्मी रोडवरून तयार आणायचो पण तिच्या मनासारखी हल्ली मिळतच नाहीत, म्हणून यावेळी म्हटलं घरीच करू, आणि रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन एक कार्ड मेकिंगचा किट घेऊन आले. पाकिटावर कंपनीचं नाव वगैरे काही नाहीये, ६५० रुपये पडले. आत क्लिअर स्टॅम्पची (म्हणजे पारदर्शक पॉलिमरचे, ब्लॉकवर चिकटवून वापरायचे शिक्के) एक शीट होती, त्यात फुलं, पानं, दोन पक्षी, एक दिवा आणि इंग्रजीतले चार मजकूर. शिवाय एक अ‍ॅक्रिलिक ब्लॉक, काळं इंक पॅड, सिल्व्हर एम्बॉसिंग पावडरची (ओल्या ठशावर टाकून तापवली की वितळून उठावदार चंदेरी होते ती) डबी आणि ६ बाय ६ इंचाच्या पॅटर्न पेपरचं २४ कागदांचं पॅड. ३० कार्डं करून झाली, पोस्टात पडली, आता सगळं सविस्तर लिहिते.

आधी स्टॅम्प. पहिल्या दिवशी शाई नीट बसेचना, स्टॅम्पवर थेंब थेंब गोळा व्हायची आणि ठसा ठिपक्याठिपक्यांचा यायचा, मला वाटलं माल खराब आहे. तसं नसतं. नव्या पॉलिमर स्टॅम्पवर तेलकट गुळगुळीत थर असतो, साध्या खोडरबरने हलक्या हाताने पूर्ण पृष्ठभाग घासून घ्यायचा, मग शाई एकसारखी धरते. हे दुकानदाराने सांगायला हवं होतं खरं तर. दुसरं म्हणजे खाली टणक टेबल नको, माऊस पॅड किंवा एखादी जाडसर रबरी शीट ठेवा, ठसा पूर्ण उमटतो. क्लिअर स्टॅम्पचा मोठा फायदा हा की ब्लॉकच्या आरपार दिसतं, त्यामुळे पक्षी नेमका फांदीवर बसवता येतो, जुन्या लाकडी मुठीच्या स्टॅम्पला ते अंदाजानेच करावं लागायचं. वापरून झाले की पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, पुसून परत शीटवर. उन्हात ठेवू नका, पिवळे पडतात आणि चिकट होतात. स्टॅम्पना माझ्याकडून पैकीच्या पैकी.

इंक पॅड मात्र अजिबात घेऊ नका म्हणजे किटमधून बाहेर काढून बाजूला ठेवा. ऑफिसच्या शिक्क्यांचं पॅड असतं ना तसलीच शाई आहे ती, लवकर वाळतच नाही आणि साध्या कागदात पसरते, पानांच्या बारीक शिरा सगळ्या एक होऊन जातात. सुरुवातीची चार कार्डं त्यातच गेली. नंतर क्राफ्टच्या दुकानातून वेगळं डाय इंकचं पॅड आणलं, आणि एम्बॉसिंगसाठी एक पिगमेंट इंकचं. दोन्हीत फरक आहे आणि तो कळायलाच हवा. डाय इंक कागदात मुरते आणि पटकन वाळते, पिगमेंट इंक वरच्या वर राहते आणि सावकाश वाळते, म्हणूनच तिच्यावर पावडर चिकटते. गुळगुळीत कोटिंगवाल्या कागदावर पिगमेंट इंक लावली तर दुसऱ्या दिवशी पण बोटाला लागते, त्यात पावसाळी हवा असेल तर विचारूच नका.

एम्बॉसिंगला केसांचा ड्रायर चालेल असं मला वाटलं होतं, नाही चालत, जोरात हवा येते तेवढी उष्णता नसते, पावडर उडून सगळीकडे जाते. भावाकडे वायरींवरच्या श्रिंक ट्यूबसाठीची (तापवली की आकसणाऱ्या नळीसाठीची) हीट गन होती ती आणली आणि काम झालं. पावडर वितळून चमकायला लागते तो क्षण बघण्यासारखा असतो. गन एका जागी धरू नका, कागद करपतो. आणि ठसा मारायच्याही आधी कागदावर टाल्कम पावडरची छोटी पुरचुंडी हलकेच फिरवा, नाहीतर नको तिथे चंदेरी ठिपके चिकटून राहतात.

आता कागद. पॅटर्न पेपर खरंच सुंदर आहे, रंग भडक नाहीत, छपाई स्वच्छ आहे, पैठणीच्या काठासारखी एक बारीक नक्षी आहे त्यात ती आईला फार आवडली. माप पण सोयीचं आहे. ए४ कागद अर्धा कापून मधे दुमडला की साडेदहा बाय पावणेपंधरा सेंटीमीटरचं कार्ड होतं, आणि ६ इंची कागदातून त्याच्या पुढच्या बाजूचा तुकडा नीट निघतो, वर पाच सेंटीमीटरची पट्टी उरते जी पुढच्या कार्डाला कामी येते. सगळ्या बाजूंनी २-३ मिलीमीटर कडा मोकळी सोडा, तेवढ्यानेच कार्ड विकतच्यासारखं नीटनेटकं दिसतं. नक्षी उभी आहे की आडवी ते कापायच्या आधी बघा. चिकटवायला पांढरा गम नको, पाण्याने कागदाला सुरकुत्या येतात, डबल साइड टेप सगळ्यात बरी.

कार्डाच्या बेससाठी कागद किटमध्ये नाहीये आणि ही मोठी उणीव आहे, २५० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे जाडसर) वेगळा आणावा लागतो. माझ्याकडे हातकागद होता थोडा. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालापासूनची, तिथला. सुती चिंध्यांच्या लगद्यातून बनतो तो, हाताला इतका छान लागतो की बास. पण त्यावर भरीव डिझाइनचा स्टॅम्प मारला की मधे मधे पांढरं राहतं कारण पृष्ठभाग खडबडीत असतो, रेघांची चित्रं मात्र अप्रतिम येतात. म्हणून मी बेस हातकागदाचा, त्यावर पॅटर्न पेपर, आणि स्टॅम्प वेगळ्या गुळगुळीत पांढऱ्या तुकड्यावर मारून तो वर लावला. दुमडायच्या आधी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या, आणि कागद ज्या दिशेने सहज वळतो त्याच दिशेने दुमडा, नाहीतर घडीवर तडे जातात.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. किटमधले मजकूर इंग्रजीत, दुकानात होते ते बाकीचे पण सगळे इंग्रजीतच, आणि साताऱ्याच्या मामीला इंग्रजीतून शुभेच्छा पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही. मग सुचलं की पेठांमध्ये ऑफिसचे रबरी शिक्के करून देणारी दुकानं आहेतच की. एकात गेले आणि कॉम्प्युटरच्या फॉन्टमध्ये ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ करून घेतलं, एका ओळीत, छोटंसं. ते फसलं. च्छा भरून काळा ठिपका झाला, वेलांट्या एकमेकींत अडकल्या. आपल्या लिपीला वर मात्रा, खाली उकार, मधे जोडाक्षर, तिला जागा लागते. अक्षराची उंची निदान एक सेंटीमीटर पाहिजे आणि मजकूर थोडका.

दुसऱ्यांदा जाताना ठरवलं की फॉन्ट नकोच, आईचंच अक्षर घेऊ. तिचा हात आता थरथरतो, ३० कार्डांवर लिहिणं तिला जमत नाही, पण एकदा लिहिणं जमतं. जेल पेनने लिहिलेला कागद घेऊन गेले तर शिक्केवाले काका म्हणाले, “ताई, बारीक पेन नको, काळ्या मार्करने मोठं लिहून आणा, मी बारीक करतो.” आईने दुपारभर वहीच्या मागच्या पानांवर ‘शुभ दीपावली’ गिरवलं आणि त्यातलं एक निवडून दिलं. काकांनी स्कॅन करून उलटं करून दुसऱ्या दिवशी शिक्का हातात दिला, मूठ नको फक्त रबर द्या म्हटलं तर पैसे पण कमी घेतले. ते रबर ब्लॉकवर डबल साइड टेपने लावते. तिचा लांब ओढलेला दी, लीची वेलांटी, सगळं जसंच्या तसं आलंय. त्यांच्या कामात मला एकही खोट काढता येणार नाही.

पोस्टाने पाठवणार असाल तर वर मोती, फोम टेप असलं काही लावू नका, पाकीट फुगतं आणि पोस्टात शिक्का मारताना चेपतं.

तर किट घ्या, पॅटर्न पेपर आणि स्टॅम्पसाठी ६५० वसूल आहेत, पण डाय इंक पॅड आणि जाड कागद धरून अजून चार-पाचशे बाजूला ठेवा, आणि मजकुराचा शिक्का घरच्या कुणाच्यातरी अक्षरात करून घ्या. मामीचा फोन आला होता, कार्ड मिळालं म्हणून. आईशी बोलताना म्हणाली, वन्सं, अक्षर अजून तसंच आहे हो तुमचं.