उभ्या वॅगनआरला मेंटेनर चार्जर: आठ महिन्यांनंतर

जानेवारीत नवऱ्याची पुण्याला बदली झाली आणि वॅगनआर माझ्या गळ्यात पडली. मी नागपुरात जयप्रकाशनगरहून मेट्रोनं झिरो माइलला जाते, भाजी-किराण्याला अॅक्टिव्हा आहे. चारचाकी लागते ती सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायला, आणि नेमकं त्याच सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टकटकटक. दोनदा शेजारच्यांच्या गाडीवरून जंपर लावला. तिसऱ्यांदा मागायची लाज वाटली, म्हणून १ अँपियरचा मेंटेनर चार्जर मागवला. बॅटरी भरली की हा करंट कमी करतो आणि पुढे साधारण १३.६ व्होल्टवर तिला नुसती सांभाळून ठेवतो, त्यामुळे आठवडेच्या आठवडे लावून ठेवता येतो.

पहिली फजिती माझीच. चार वर्षांच्या जुन्या बॅटरीला लावला, तीन तासांत हिरवा दिवा! मी खूश. दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर लावला तर १२.१ व्होल्ट, भरलेल्या बॅटरीला १२.६ च्या वर हवं. चौकातल्या मेकॅनिकनं लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून बघायचं यंत्र) लावला, काटा ९ व्होल्टच्याही खाली. तो म्हणाला, "ताई, इच्यात जीवच नाई राहिला, चार्जर काय करन?" आतल्या प्लेटांवर सल्फेट धरलं की बॅटरी व्होल्टेज लवकर दाखवते, पण साठवत काहीच नाही. हिरवा दिवा त्यालाच फसतो. जुनी देऊन ३५ एएचची (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरी किती साठवते त्याचं माप) नवी घेतली. खरा अनुभव तिथून सुरू.

चार्जर काम करतो का, हे बघायला मी एप्रिलमध्ये मुद्दाम अठरा दिवस तो काढून ठेवला. सुरुवातीला १२.६६ होतं, शेवटी १२.३४. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, आणि गाडी तर जागची हललीसुद्धा नव्हती. मग शोध घेतला. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ती आणि बॅटरी यांच्या मधोमध मल्टिमीटर जोडला, दारं लॉक केली, अर्धा तास थांबले. सगळं झोपल्यावरही २२ मिलीअँपियर जात होते. सेंट्रल लॉक, अलार्म, स्टिरिओचं घड्याळ, सगळ्यांचं मिळून. आकडा वाईट नाही, ५० पर्यंत चालतं म्हणतात. पण रोजचे अर्धा एएच गेले की महिन्याचे सोळा होतात. त्यात आपला उन्हाळा. बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट होतो, आणि मे अखेरच्या नवतप्यात आमच्या पार्किंगमध्ये बॉनेटवर हात ठेववत नाही. चार्जर परत लावल्यावर मात्र कधीही, तो काढून रात्रभर थांबून मोजलं, तरी १२.७ च्या आसपासच. (लगेच मोजू नका, चार्जिंगनंतर काही तास आकडा उगाच फुगलेला असतो.)

खरी कटकट प्लगची. पार्किंगमधला प्लग सोसायटीच्या मीटरवर. "तुमच्या गाडीचं बिल आम्ही का भरायचं," हे मीटिंगमध्ये ऐकलं. भरलेल्या बॅटरीवर हा चार-पाच वॅट खातो, महिन्याला जेमतेम तीन युनिट, हे मी कागदावर मांडून दाखवलं, कुणी ऐकेना. शेवटी इलेक्ट्रिशियनकडून खालच्या मीटर रूममधून आमच्याच मीटरची लाइन ओढून घेतली, वेगळ्या एमसीबीसकट. चार्जरपेक्षा तो खर्च जास्त झाला. घरी स्वतःचा प्लग नसेल तर घेण्याआधी याचा विचार करा.

तक्रार एकच, पण मोठी. लाइट जाऊन आली की हा स्वतःहून सुरू होत नाही, बटण दाबावं लागतं. मे महिन्यात वादळ झालं, लाइट दोन तास गेली. सहा दिवसांनी खाली गेले तर स्टँडबायचा लाल दिवा लुकलुकतोय. नागपुरात विकायच्या वस्तूत ही चूक? कंपनीला मेल केला, "डिझाइन असंच आहे" म्हणून उत्तर आलं. घेताना 'मेमरी' आहे का, म्हणजे लाइट आली की आपोआप सुरू होतो का, हे आधी विचारा.

नवऱ्याचा फोनवरचा सल्ला होता, रोज दहा मिनिटं गाडी नुसती चालू करून ठेव. त्यानं एका स्टार्टचा खर्च जेमतेम भरून निघतो, आठवड्याची तूट नाही, वर धुरावरून खालच्या काकू ओरडतात. तसंच टायर आणि ब्रेक उभ्याउभ्या खराब होतात, त्यावर चार्जर काही करू शकत नाही. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा रविवारी सकाळी बुटीबोरीपर्यंत जाऊन येते.

चिमट्यांऐवजी रिंगवाली वायर बॅटरीला कायमची बसवून घ्या. मी फ्यूजसकट बसवली, आता बॉनेटच्या फटीतून बाहेर आलेलं कनेक्टर जोडलं की झालं. पोळ्याच्या दिवशी घाईत ते न काढताच गाडी बाहेर काढली. कनेक्टर सुटून आलं म्हणून वाचले, चार्जर मात्र फरशीवर आपटला. तेव्हापासून चार्जर लावला की स्टिअरिंगला सासूबाईंच्या जुन्या साडीची लाल चिंधी बांधते, आणि ती सोडल्याशिवाय किल्लीला हात लावत नाही.