अंगणातल्या हौदाला फिल्टर कोणता: दुकानातला की ड्रमचा?

सांगली-मिरजेकडे अंगणातल्या हौदात गोल्डफिश किंवा कोई (रंगीत कार्प मासे) पाळायचे म्हटले, की फिल्टरचे दोन पर्याय पुढे येतात: दुकानातला बंद प्रेशर फिल्टर, नाहीतर २०० लिटरच्या प्लास्टिक ड्रमचा घरी जोडलेला. लोक किंमत आणि दिसणे बघतात. मी आधी विचारेन, लाइट गेल्यावर याचे काय होते?

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांना सतत प्राणवायू लागतो. प्रेशर फिल्टरचे झाकण घट्ट असते. पंप थांबला की आतला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात आणि लाइट आल्याबरोबर ते कुबट पाणी थेट हौदात जाते. उन्हाळ्यात तर आणखी लवकर, कारण २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. ड्रममध्ये पाणी वरून शिंपडत खाली येईल अशी रचना केली, तर पंप बंद असतानाही ओलसर थरांना हवा मिळत राहते.

तरी प्रेशर फिल्टरला उगाच नावे ठेवू नयेत. तो कमी जागेत बसतो, बऱ्याच मॉडेलमध्ये यूव्ही दिवाही असतो आणि हिरवे पाणी निवळायला यूव्हीसारखा उपाय नाही. ड्रमवाल्याने त्यासाठी हौदावर शेडनेट टाकावे. फक्त खोक्यावर लिहिलेली लिटरची क्षमता कोईसाठी निम्मीच धरा. हा मासा खातो फार आणि घाणही तेवढीच करतो.

ड्रम घेताना मात्र जपा. तासगावकडच्या द्राक्षबागांतले औषधाचे रिकामे ड्रम कितीही धुऊन दिले तरी नकोत. खाण्याचा माल आलेलाच घ्या. आत खडी भरू नका, ती जड होते आणि गाळाने तुंबते. वायरिंगच्या पाइपचे बोटभर तुकडे किंवा नायलॉनच्या घासण्या भरा, वर गाळ धरायला स्पंज ठेवा. ड्रम हौदापेक्षा उंच बसवा आणि तळातून परतीचा पाइप दोन इंची ठेवा, म्हणजे तो भरून वाहणार नाही.

उंचीमुळे पंप जरा मोठा लागतो. २००० लिटरच्या हौदाला त्या उंचीवर ताशी निदान १००० लिटर पाणी चढले पाहिजे; पंपावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. ४० वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर रोज जवळपास एक युनिट जळते.

हौद लहान, चार-पाच गोल्डफिश आणि घरात इन्व्हर्टर असेल, तर प्रेशर फिल्टर खुशाल घ्या. कोई पाळायचे असतील किंवा लाइट वरचेवर जात असेल, तर ड्रमच.

कोणताही बसवा, जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच सोडा, खाद्य हात राखून टाका. स्पंज हौदाच्याच पाण्यात पिळा; नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणू मारते.