एसीच्या नव्या लाइनचे 15,430 रुपये घेतले, लाइन टाकलीच नाही

एप्रिलमध्ये आईच्या खोलीत दीड टनाचा एसी घेतला. सिंहगड रोडवरची आमची इमारत 1998 ची. दारामागचा आठ वेचा डीबी, म्हणजे आठ घरांची विजेची पेटी, गच्च भरलेला: दोन घरं आयसोलेटरची, म्हणजे मेन स्विचची, उरलेल्या सहांत सहा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारे स्विच. वॉचमनने एका वायरमनचा नंबर दिला. तो म्हणाला, "ताई, डीबी फुल आहे, बारा वेचा टाकावा लागेल. लोडपण वाढवून घ्यावा लागेल." यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर मी विश्वास ठेवला.

डीबीचे 2,800, आरसीसीबीचे (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) 2,650, चार स्क्वेअरच्या (चार चौरस मिमी जाडीच्या) 18 मीटर वायरचे 1,980, लोडवाढीचे (वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यायचे) 4,500, मजुरी 3,500. सगळं रोख. बिल मागितलं तर म्हणे जीएसटी लागेल. बिल नाही तर पैसे नाहीत, हे तिथेच ठणकावायला हवं होतं.

आईला अंघोळ घालत होते तोवर त्याने काम उरकलं. मेन फक्त वीस मिनिटं बंद होता. अख्खा डीबी वीस मिनिटांत बदलून होत नाही, हे आता कळतं. नवं चकचकीत दार उघडून त्याने मला दाखवलं, मी भावाला फोटोसुद्धा पाठवला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात एमसीबी सहाच आहेत. आधी सहा, नंतरही सहा! नवी लाइन म्हणजे एक एमसीबी जास्त, याला विजेचं ज्ञान लागत नाही. वीस वर्षं हिशेबाचं काम करते मी, आणि सातपर्यंत मोजलं नाही. पण घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, बाहेर चाळीस डिग्री, त्यात समोरचा 'ताई, ताई' करत असताना कोण मोजत बसतं?

मे महिन्यात एकदा सकाळी सहाला गीझर लावला आणि डीबीतून जळका वास आला. रात्रभर एसी चालूच होता. दुसऱ्या, परवानाधारक वायरमनने उघडून दाखवलं. पेटी जुनीच, फक्त दार नवं. एसीची वायर गीझरच्याच एमसीबीत, एका स्क्रूखाली दोन वायरी कोंबलेल्या. त्यातली बारीक सैल राहून तापत होती. ती बारीक म्हणजेच आमची 'चार स्क्वेअर'. वायरीवर छापलंय दीड. तीन किलोवॉटचा गीझर 13 अँपिअर, एसी साधारण 8. आधीची सोळा अँपिअरची एमसीबी पडत राहिली असती आणि याचं बिंग फुटलं असतं, म्हणून तिथे बत्तीसची घातली. त्यामागची गीझरची वायर अडीच स्क्वेअरचीच! म्हणजे वायर जळेल, पण एमसीबी पडणार नाही. आई त्या एसीच्याच खोलीत झोपते.

आणि 2,650 चा आरसीसीबी? साधा आयसोलेटर. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. वीज चालू असताना ते दाबलं की तो पडलाच पाहिजे. आत्ता उठून दाबून बघा. आरसीसीबीचे पैसे देऊनही बटणच नसेल तर तुम्हालाही फसवलंय.

वीज कंपनीत गेले. लोडवाढीचा अर्जच नाही. तो पैसा वायरमनच्या हातात द्यायचाच नसतो. अर्ज आपण करायचा आणि पावती आपल्या ग्राहक क्रमांकावर घ्यायची. "मीटरच्या पुढचं आमचं नाही," म्हणून मला बाहेर काढलं. विद्युत निरीक्षकांकडे गेले, तर परवाना क्रमांक आणा म्हणे. परवाना असता तर हे झालं असतं का? चौकीत दोन तास बसवून ठेवलं आणि वर ऐकवलं, "पैसे तुम्हीच दिलेत ना? हा दिवाणी मामला." अर्जाची पोच मागितली तर साहेब राउंडवर. तीन खेपा झाल्या, तिन्ही वेळा राउंडवर. घर पेटलं असतं तर कुठल्या टेबलावर जायचं होतं?

सोसायटीवाल्यांनो, वॉचमनने दिलेल्या नंबरवर माणूस घरात घेऊ नका. परवान्याचा फोटो आधी, काम नंतर. जुनी वायर, जुने एमसीबी ताब्यात ठेवा. माझी सोळाची एमसीबी तो घेऊन गेला.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, कागद तयार आहेत. पण नोटीस पाठवायला त्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे फक्त मोबाईल नंबर आहे. तो कोणाच्या नावावर आहे हे चौकीतून काढता येईल, म्हणून उद्या चौथी खेप.