संत्र्याने चिकटलेली बोटं आणि 386 चा आकडा

आकडे आधीच मांडते, म्हणजे पुढचं वाढवून सांगितल्यासारखं वाटणार नाही. नोंदणी 251 रुपये. नव्वद दिवसांच्या चूर्णाचा कोर्स 23,400. पंधराव्या दिवशी गळ्यात मारलेला 'बूस्टर' 11,500. नाभीत घालायचं तेल 4,800. झाले 39,951. त्यानंतर दवाखान्याचं बिल 18,640. म्हणजे सासूबाईंचा मधुमेह 'मुळापासून' घालवायला आमच्या घरातून 58,591 रुपये गेले, आणि मधुमेह होता तिथेच आहे.

डिसेंबरात दक्षिण नागपुरातल्या एका मंगल कार्यालयात हे मधुमेहमुक्ती शिबिर भरलं होतं. शिबिराचं नाव लिहिण्यात अर्थ नाही. ही माणसं नाव बदलून पुढच्या वस्तीत बोर्ड लावतात. त्यांची पद्धत मात्र बदलत नाही, म्हणून ती सांगते.

मी अडाणी नाही. नऊ वर्षांपासून सासूबाईंची शुगर घरी मीच मोजते. गोळ्या कोणत्या, कधी, जेवणाआधी की नंतर, सगळं मला तोंडपाठ आहे. तिथे कोणी बुवा-बाबा असता तर मी दारातूनच परतले असते. पण तिथे पांढरे कोट होते, छापील फॉर्म होते, रक्तदाबाचं यंत्र होतं. एवढं सगळं बघून माणूस विश्वास ठेवतो. मीही ठेवला.

आता ती गोष्ट, जी मला त्याच क्षणी कळायला हवी होती. दारातच संत्र्यांची क्रेट ठेवलेली. आंबिया बहाराचा मोसम, त्यामुळे कोणाला वावगं वाटायचं कारण नाही. प्रत्येकाच्या हातात एक संत्रं. "काकू, आरामात सोला, खा, तोवर नंबर येते." सासूबाईंनी अर्ध्याच फोडी खाल्ल्या, पण सोललं पूर्ण. बोटं रसाने चिकट झाली. हात धुवायची सोय विचारली तर नळाला पाणी नाही म्हणाले. मग त्या मुलाने स्पिरिटचा बोळा एकदा बोटावरून फिरवला, सुई टोचली आणि मशीनवर आकडा आला 386.

सकाळी घरी उपाशीपोटी 148 होती. नंतर एक वाटी पोहे. पोह्यांनी शुगर 200 पर्यंत जाते हे मी शंभरदा पाहिलेलं. 386? एका वाटीत? मला तिथेच म्हणायला हवं होतं, की माझ्या पर्समधल्या पाण्याच्या बाटलीने हात धुऊ द्या आणि दुसऱ्या बोटातून परत घ्या. बाटली माझ्याजवळ होती! मी म्हटलं नाही. तो आकडा बघून माझे पाय गळाले.

हे होतं कसं, ते समजून घ्या. घरच्या मशीनची पट्टी जेमतेम अर्धा मायक्रोलिटर रक्त ओढते. संत्र्याच्या रसात ग्लुकोज साधारण 100 मिलिला 2 ग्रॅम असतं, म्हणजे मशीनच्या भाषेत 2,000 मिलिग्रॅम. त्या इवल्याशा थेंबात एक दशांश जरी रस मिसळला तरी आकडा जवळजवळ 200 ने फुगतो. सासूबाईंची खरी शुगर 200 धरा, हिशेब 380 च्या आसपास येतो. जपानी डॉक्टरांनी 2011 साली संत्री, द्राक्षं, किवी लोकांना सोलायला लावून हेच मोजून दाखवलं आहे: फळ सोलल्यावर नुसता स्पिरिटचा बोळा फिरवला तर आकडा चढलेलाच राहतो, पाण्याने हात धुतले तर बरोबर येतो. घरी मोजतानाही साबणाने हात धुवा, कोरडे करा, मगच टोचा. स्पिरिट म्हणजे हात धुणं नव्हे.

त्यानंतर 'संपूर्ण शरीर तपासणी'. हातात धातूची दांडी धरायची, दीड मिनिट थांबायचं, कॉम्प्युटरमधून तीस पानी रिपोर्ट. त्यात लिहिलेलं, स्वादुपिंड 32 टक्के कार्यरत. दांडी धरून स्वादुपिंडाचं काम मोजणारं यंत्र जगात नाही. इन्सुलिन किती तयार होतं हे बघायला सी-पेप्टाइड नावाची रक्ततपासणी असते, ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. दांडीवाल्या यंत्राला आधी वय, उंची, वजन द्यावं लागतं, आणि त्यावरूनच ते पानं भरतं. कोणी दांडी हातात दिली तर तिथूनच घरी या.

मग खुर्चीत बसवून भीती घातली. "गोळ्यांनी किडनी जाते काकू, नंतर डायलिसिस." हा समज आपल्या लोकांत इतका मुरलेला आहे की त्यांना फार बोलावंच लागत नाही. गल्लीत कोणीतरी डायलिसिसवर असतंच, आणि तो माणूस शुगरच्या गोळ्या घेत होता हे सगळ्यांना माहीत असतं. मूत्रपिंड खराब होतं ते वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरने आणि रक्तदाबाने. गोळी त्यापासून वाचवण्यासाठी असते. मूत्रपिंडाचं काम आधीच खूप मंदावलं असेल तर डॉक्टर मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी कमी करतात किंवा बंद करतात, आणि लोक उलटा अर्थ काढतात. वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा, म्हणजे ही भीती घालायला कोणाला जागाच राहणार नाही.

त्यांना मी लॅबचा एचबीएवनसी रिपोर्ट दाखवला होता, 7.8. ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, सकाळच्या उपवासाने ती फसत नाही. तो कागद त्यांनी बाजूला सारला, "हे जुनं तंत्र झालं." ज्याला एचबीएवनसी नको असतो त्याला तुमच्या पैशाशिवाय काही नको असतं, हे आता कळतं.

चूर्णासोबत आहाराचा तक्ता दिला: भात, पोळी, साखर, बटाटा बंद, दोन्ही वेळा एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, संध्याकाळी सातच्या आत जेवण, 45 मिनिटं चालणं. एवढं पंधरा दिवस पाळलं तर चूर्ण न घेताही बहुतेकांची शुगर उतरेल. पंधराव्या दिवशी पुन्हा बोलावलं, या वेळी उपाशीपोटी, सकाळी साडेसातला. आणि त्या दिवशी नळाला पाणी होतं. साबण होता. "हात स्वच्छ धुऊन या." आकडा 112. फळ्यावर लिहिलं: 386 वरून 112. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. एक आकडा जेवल्यानंतरचा, रसाच्या बोटाचा. दुसरा उपाशी, धुतलेल्या बोटाचा. दोन्ही नऊ वर्षं मोजणाऱ्या बाईच्या समोर घेतलेले. हे लिहितानाही लाज वाटते.

तिथेच बूस्टर आणि तेल विकलं, आणि विसाव्या दिवसापासून मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड दोन्ही बंद करायला सांगितलं. गोळ्या बंद करूनही शुगर उतरतच राहिली: 98, 84, 76. आम्ही खूश. खरं तर तेव्हाच घाबरायला हवं होतं. जडीबुटीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरींत ग्लिबेनक्लामाइडसारखी शुगर झपाट्याने पाडणारी स्वस्त गोळी कुटून घातलेली जगभर वारंवार सापडली आहे. चूर्ण घेतल्यावर दोन-तीन तासांत शुगर पडत असेल तर ते काही मुळापासून दुरुस्त करत नाहीये.

चौतिसाव्या दिवशी पहाटे चार वाजता सासूबाई बडबडत उठल्या. जानेवारीची नागपूरची थंडी, अंगावर दोन रजया, आणि पातळाचा पदर पिळून काढावा इतका घाम. मला ओळखेनात. मोजलं तर 41. ग्लुकोज पावडरचे तीन चमचे पाण्यात घालून पाजले, पंधरा मिनिटांनी 88. वाटलं संपलं. दोन तासांनी पुन्हा 52. दवाखान्यात सलाईन लावलं, तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शुगर खाली घसरत होती. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सल्फोनिलयुरिया किती घेतली?" ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या त्याच गटातल्या. मी म्हटलं, गोळ्या तर बंद आहेत. त्यांनी फक्त मान हलवली.

हे नीट लक्षात ठेवा. शुगर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन चहाचे चमचे. पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. वर आली की काहीतरी खायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि अशा गोळीचा नुसता संशय जरी असला तरी एकदा आकडा वर आला म्हणून घरी थांबू नका. म्हाताऱ्या माणसात ती चोवीस तासांहून जास्त वेळ शुगर पाडत राहते.

एक गोष्ट पैशापेक्षा जास्त टोचते. पहिल्या दिवशी आमच्या पुढच्या रांगेत एक बाई तिच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन होती. मुलगा टाइप 1. तिला सांगितलं, इन्सुलिनची सवय लागते, निम्मं करा, महिनाभरात सुटेल. इन्सुलिनची सवय वगैरे काही नसते. टाइप 1 मध्ये शरीर ते बनवतच नाही, बाहेरून द्यावंच लागतं. 1922 साली पहिल्यांदा इन्सुलिन टोचण्याआधी अशी मुलं हमखास दगावत असत. डोस तोडला तर एक-दोन दिवसांत उलट्या, पोटदुखी, खोल धापा, आणि वेळेत दवाखाना मिळाला नाही तर मूल जातं. हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले, कारण आमचा नंबर जवळ आला होता. त्या माऊलीचा फोन नंबरसुद्धा माझ्याकडे नाही.

आता तक्रारीचं. पैसे यूपीआयने एका खाजगी माणसाच्या नावावर गेले होते. पावतीवर लिहिलेलं 'सेवाकार्यास स्वेच्छा मदत'. पैसे देताना मी तो शब्द वाचला नाही. तुम्ही वाचा. पक्कं बिल नसेल तर एक रुपया देऊ नका.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "पैसे तुम्हीच दिले ना?" हो, मीच दिले, फसवूनच तर घेतले! अडीच तास बाकावर बसवून अदखलपात्र नोंद (म्हणजे न्यायालयाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत ती) करून दिली आणि औषधांच्या कार्यालयात जा म्हणाले. तिथे बाटली उलटसुलट बघून म्हणाले, यावर खाद्यपदार्थाचा परवाना आहे, हे आमचं नाही. खाद्यपदार्थांच्या टेबलावर म्हणाले, पत्रकात आजार बरा होतो लिहिलंय, म्हणजे हे औषध, त्या टेबलावर जा. एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर चार फेऱ्या. साहेब दौऱ्यावर. अर्ज मराठीत आहे, दोन प्रती आणा. बाटली उघडलेली आहे, नमुना चालणार नाही. बँकेत सांगितलं, व्यवहार तुमच्या पिनने झालाय, परत येणार नाही. एकाही टेबलावर कोणी विचारलं नाही की म्हातारी आता कशी आहे.

खाद्य परवान्याचा नंबर 14 अंकी असतो. त्या बाटलीवरचा मी त्याच जिन्यावर उभं राहून मोजला. तेरा. टेबलावरच्या एकाही माणसाने मोजला नव्हता.

आणि कायदा नाही असं नाही. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 पासून आहे. ज्या आजारांवर इलाज करतो अशी जाहिरातच करता येत नाही त्या यादीत मधुमेह आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. याच कायद्याच्या कलम 9-अ नुसार हा गुन्हा दखलपात्र आहे. ठाण्यात मला अदखलपात्र नोंद हातात देताना हे कोणालाच माहीत नव्हतं का? ते पत्रक त्यांच्याच टेबलावर पडलेलं होतं, ठळक अक्षरात 'मधुमेह कायमचा बरा'.

मधुमेह आटोक्यात येऊन गोळ्या सुटतात, हे खोटं नाही. सुरुवातीच्या वर्षांत वजन बरंच उतरवलेल्या काही लोकांत ते होतं. गोळ्या थांबवून तीन महिने झाले आणि एचबीएवनसी 6.5 च्या खाली राहिला तर डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात, बरा झाला म्हणत नाहीत, कारण तो परत येऊ शकतो आणि तपासणी चालूच ठेवावी लागते. ते डॉक्टरांच्या नजरेखाली, गोळ्या पायरीपायरीने कमी करत होतं. त्यासाठी 23,400 चं चूर्ण लागत नाही. सासूबाईंच्या मेटफॉर्मिनची पट्टी जनऔषधी केंद्रात वीस रुपयांच्या आत मिळते.

पांढऱ्या कोटवाल्याला नोंदणी क्रमांक विचारा. ॲलोपॅथीचा असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा, आयुर्वेदाचा असेल तर महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेचा. आम्हाला मिळालेल्या तिन्ही कागदांवर कोणाचाच नव्हता. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करा. मी चाळीस दिवसांनी केला, तोवर खातं रिकामं. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि एकसारखं नुकसान झालेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते.

माझ्याकडे बूस्टरची एक बाटली सीलबंद आहे, पत्रक आहे, यूपीआयचे चार व्यवहार तारखेसकट आहेत, दोन्ही दिवसांच्या फळ्याचे फोटो आहेत. डिसेंबरात ज्यांच्या हातात तिथे संत्रं दिलं गेलं, त्यांनी पावत्या फेकू नका आणि मला कळवा. आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेली ती बाई कोणाच्या ओळखीची असेल तर तक्रारीचं नंतर बघू, आधी तिला आजच सांगा की इन्सुलिन पूर्ण डोसने चालू ठेव आणि मुलाच्या डॉक्टरला दाखव.